पान एक्क्याण्णव

उरुग्वे नदीच्या काठी, पायसांदू गावात
मांसाच्या शीतगृहावर रात्रपाळीला असतो
विल्मार एचेगोयेन. वय एकसष्ट.
कुलपं ओढून बघायची, तापमान वहीत लिहायचं,
थर्मासमधलं पाणी तुंब्यात ओतून
कडू पाला नळीनं ओढत बसायचं.

कंपनीचं वायफाय तिसऱ्या दारापाशीच पोचतं,
जिथे फटीतून उणे अठराचा गारठा घोट्याला चावतो.
तिथे तो उभा राहतो, कानटोपी खाली ओढून,
या पायाचा भार त्या पायावर देत,
आणि आत्मविद्या उतरवून घेतो.
अडतीस एमबी. पंचवीस मिनिटं.

फुकट ते पौष्टिक.
आधी ग्रहांचे स्वर मिळाले, मग आकड्यांमागचे आकडे,
मग मेलेला माणूस किती दिवस
घराभोवती घुटमळतो, त्याचा तक्ता.
तक्ता पाहून नेलिदा म्हणाली,
"तुझा मामा जायचा नाही. माझे पैसे बुडवलेत त्यानं."

आणि मग हे. शंभर वर्षांपूर्वीचं, पिवळट,
पहिल्याच पानावर जांभळा शिक्का:
रोसारिओच्या कुठल्याशा बंद मंडळाचा ग्रंथ,
बाहेर नेऊ नये.
खाली शाईनं, वळणदार अक्षरात:
ज्यानं शपथ घेतली नाही त्यानं इथेच पुस्तक मिटावं.

फोन मिटत नाही.
विल्मारनं इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली,
आणि आठशे टांगलेल्या बैलांच्या साक्षीनं
शपथ घेऊन टाकली. कसली, ते लिहिलेलं नव्हतं.

अकरा रात्री वाचत होता.
कुणीतरी समासात पेन्सिलीनं भांडलं होतं लेखकाशी,
साठाव्या पानानंतर ते भांडण थांबलं,
पटलं की कंटाळला, कळायला मार्ग नाही.
मग पान एक्क्याण्णव. तळाची ओळ:
"तर साधका, तू जे शोधतोस ते तुला मिळेल"
आणि त्यापुढे
अंगठा.

पुस्तक काचेवर दाबून धरणाऱ्या कुणाचा तरी.
नख खाल्लेलं, कडेला चिकटपट्टी.
नेमका मिळण्याच्या जागेवर.

जुन्या गोष्टीत गुरू विद्येचं मोल म्हणून
अंगठा मागून घेतो.
इथे शिकवणी फुकट, शिष्य चोरून आलेला,
आणि अंगठा कुणी तिसऱ्यानंच देऊन ठेवलेला,
पानामागे काही पैसे मिळतात म्हणून.

घरी नेलिदाला विचारलं, काय असेल गं तिथे?
ती कांदा चिरत होती.
"कोपऱ्यावरच्या दुकानात," म्हणाली, "पण सोमवारी बंद."

तो पेटला. दुसरी प्रत शोधली, लिस्बनची.
तिच्यात ते पान ब्लेडनं कापून नेलेलं.
तिसरी कुठल्याशा डोंगरातल्या मठाची,
स्वच्छ, सरळ, एकही बोट नाही.
पहाटे चारला, सुन्न पायांनी, त्यानं वाचलं:
"तू जे शोधतोस ते तुला मिळेल
दुसऱ्या खंडात."

दुसरा खंड छापलाच नव्हता.

विल्मार हसला, एकटाच, तोंडातून वाफ काढत,
कॉम्प्रेसरपेक्षा मोठ्यानं.
मठाची स्वच्छ प्रत त्यानं पुसून टाकली.
अंगठ्याची ठेवली.

आता रात्री दोनची फेरी झाली की
कधीकधी ते पान उघडतो.
पुढे वाचत नाही. अजून चाळीस पानं उरलीत, असू देत.
बघत राहतो: हा कोण असेल,
त्या दिवशी जेवला होता का,
चिकटपट्टीखाली काय कापलं होतं.
मग हातमोजा काढून
काचेवर आपला अंगठा टेकवतो, शेजारी बोट,
आणि दोन्ही हळूच फाकवतो.

अक्षरं कडेनं निघून जातात.
कातडीवरच्या रेघा येतात, वाकलेल्या,
नांगरटीसारख्या,
मग नुसते करडे चौकोन.

सहाला पहिला ट्रक हॉर्न देतो.
वहीत लिहायचं राहिलंय: तिसरं दार, उणे अठरा.